शक्तीप्रमाणे

घरी कुणी भेटायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मग, काही फरक?" विचारताना नजर माझ्या पायांकडे असते. आमच्या गल्लीतल्या अक्का तर थेटच विचारतात, "एवढं व्यायाम करतीयास, बोट तरी हललं काय गं?" त्यांच्या मनात वाईट काही नसतं. माझ्या आजारपणात डबे पुरवलेल्या बाई आहेत त्या. पण त्यांच्या हिशेबात व्यायाम चालायला लागण्यासाठी करायचा असतो. बारा वर्षांत पाऊल हललं नाही, म्हणजे बारा वर्षांचा व्यायाम वाया गेला.

त्यांना मी सांगते, "अक्का, फरक पडला की. गेल्या दोन पावसाळ्यांत मला दवाखान्यात न्यावं लागलं नाही." त्या मान हलवतात, पण त्यांचं समाधान होत नाही. म्हणून हा लेख. बरं होणं आणि निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एकदा नीट मांडायचं आहे. कारण आपल्या समाजात, आपल्या घरांत, अंथरुणाला खिळलेली एखादी बाई असतेच. तिच्यासाठी हा फरक जगण्यामरण्याचा असतो.

बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. वळवाची सर आली म्हणून गच्चीवरचे कपडे काढायला धावले, पाय घसरला आणि खाली आले. मानेचा मणका मोडला. एकतीस वर्षांची होते. डॉक्टरांच्या भाषेत माझी इजा 'सी सिक्स' पातळीची. मानेतल्या सहाव्या मज्जातंतूपर्यंत मेंदूचा निरोप पोचतो, त्याच्या खाली पोचत नाही. खांदे हलतात. कोपर वाकवता येतं, पण सरळ करणारा स्नायू काम करत नाही. मनगट वर उचलता येतं. बोटं हलत नाहीत. छाती, पोट, कंबर, पाय यांच्यावर ताबा नाही आणि तिथलं काही जाणवतही नाही. चारी हातपायांना झालेल्या या लकव्याला क्वाड्रिप्लेजिया म्हणतात.

हे एवढं सविस्तर सांगते, कारण लोक मला दीपा मलिकचे व्हिडिओ पाठवतात. 2016 च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचं रौप्यपदक मिळवणारी ही बाई, पॅरालिम्पिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला. मला तिचा फार अभिमान आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' तर मी अंथरुणावर असताना वहिनीकडून वाचून घेतलं. पण या दोघींची इजा मानेच्या खालची, त्यांचे हात शाबूत. माझं घर त्याच गल्लीत असलं तरी उंबरा वेगळा आहे. दुसऱ्याच्या ताकदीवरून आपला व्यायाम ठरवायचा नाही, हे मी लवकरच शिकले.

मग मी व्यायाम कुणासाठी करते? पहिलं कारण सांगते ते आईच्या कमरेचं.

अपघातानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत माझं वजन नऊ किलोनं वाढलं. साहजिकच होतं. स्नायू काम करेनासे झाले की शरीराची भूक कमी होते, पण येणारा प्रत्येक जण प्रेमानं काहीतरी घेऊन यायचा. कुणी कुंदा, कुणी करदंट, कुणी तुपातले बेसनलाडू. "खा गं, तेवढंच सुख," म्हणायचे. नि मला पलंगावरून खुर्चीवर घ्यायला आई आणि वहिनी. आई त्या वेळी साठीच्या पुढे. एक दिवस मला उचलताना तिच्या कमरेत जी उसण भरली, ती तीन आठवडे गेली नाही. त्या तीन आठवड्यांत मी पलंगावरच राहिले, कारण वहिनीला एकटीला मी उचलत नव्हते. चौथ्या आठवड्यात माझ्या माकडहाडावर लाल डाग उठला. दाबव्रणाची सुरुवात होती ती.

तेव्हा मला कळलं की माझं वजन माझं एकटीचं नाही. त्यातला प्रत्येक किलो दुसऱ्या एका बाईच्या पाठीवर जातो. चालती फिरती बाई जाड झाली तर तिला स्वतःला त्रास. माझ्या जाडीनं घरातल्या दोघी बायका मोडतात, आणि त्या मोडल्या की पाठोपाठ मी मोडते. आज मी घसरपट्टीच्या फळीवरून, एका माणसाच्या मदतीनं खुर्चीवर येते. दोन माणसांची एक झाली, हा माझा गेल्या बारा वर्षांतला सर्वांत मोठा 'फरक' आहे. पण तो पायात नसल्यामुळे कुणाला दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काय करते ते सांगते.

सकाळी अंघोळीआधी वहिनी माझे हातपाय हलवते. घोटा, गुडघा, खुबा, खांदा, प्रत्येक सांधा हळूहळू, त्याच्या पूर्ण फेरीत. लोकांना वाटतं हाच माझा व्यायाम. खरं तर यात कष्ट होतात ते वहिनीचे. यानं माझी चरबी घटत नाही आणि ताकदही वाढत नाही. सांधे आखडू नयेत एवढंच त्याचं काम, आणि ते फार मोलाचं आहे. आखडलेल्या पायांना ना साडी नेसवता येते, ना खुर्चीत नीट बसवता येतं. मात्र झटका द्यायचा नाही. वर्षानुवर्षं भार न पडलेली पायांची हाडं ठिसूळ होतात. जोरानं वाकवलेला पाय मोडू शकतो आणि मला तो मोडल्याचं कळणारही नाही.

हातांची बोटं मात्र निराळी. इथे एक गुपित आहे, आणि तुमच्या ओळखीत माझ्यासारखं कुणी असेल तर हा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा. माझं मनगट वर उठतं. मनगट वर उठलं की बोटं आपोआप आत मिटतात आणि मनगट खाली सोडलं की उघडतात. तुमचा हात सैल सोडून करून बघा, तुमचंही तसंच होतं. या युक्तीवर मी चमचा धरते, पेला उचलते, पुस्तकाचं पान उलटते. पण त्यासाठी बोटांच्या शिरा थोड्या आखूड राहायला हव्यात. म्हणून व्यायाम देताना बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून. मनगट वर असेल तेव्हा बोटं मिटलेलीच ठेवायची. दोन्ही एकाच वेळी ताणायचं नाही.

मागे घटप्रभेच्या काठच्या एका गावातून एक मुलगी मला भेटायला आली. तिलाही माझ्याच पातळीची इजा. तिची मावशी रोज तासभर तेल लावून तिचा पंजा पोळपाटासारखा सपाट ताणत होती. जीव लावून करत होती. पण बोटांच्या शिरा इतक्या ढिल्या झाल्या होत्या की मनगट कितीही उचललं तरी बोटं मिटत नव्हती. मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिचं ताणणं थांबलं आणि मुलीच्या पंजाला जेवणासाठी चामड्याचा पट्टा शिवून घेतला, त्यात चमचा बसतो. आता ती आपल्या हातानं जेवते. तरी वाटतं, पहिल्या महिन्यातच हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर पट्ट्याचीही गरज पडली नसती.

न्याहारीनंतर श्वासाचा व्यायाम. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू गेलेले, सगळा भार एकट्या श्वासपटलावर. त्यामुळे माझा खोकला म्हणजे नुसती फुंकर. साधी सर्दीही छातीत उतरली की न्यूमोनियापर्यंत जाते, आणि मानेच्या इजेच्या माणसांचे जीव घेणाऱ्या मोठ्या कारणांत छातीचे आजार येतात. दवाखान्यातून तीन चेंडूंचं खेळणं मिळालं होतं, नळीतून श्वास ओढून चेंडू वर धरायचे. ते मी रोज करते. पण मला खरी गोडी लागली ती भक्तामर स्तोत्राची. लहानपणी पाठ झालेले अठ्ठेचाळीस श्लोक. अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्यानं म्हणायला गेले तेव्हा चौदा अक्षरांचा एक चरणही एका श्वासात पुरा होईना. मधेच धाप लागायची. सहा महिन्यांनी एक चरण जमला, दीड वर्षानं दोन. आता मोठ्या आवाजात दोन चरण म्हणून थोडा श्वास उरतो. आई म्हणते, हिची भक्ती वाढली. फिजिओच्या बाई म्हणतात, फुप्फुस सुधारलं. दोघींना मी हो म्हणते. ज्यांना स्तोत्र नको त्यांनी गाणं म्हणावं, पाढे म्हणावेत. आवाज मोठा हवा आणि श्वास मोजलेला हवा, एवढंच.

दुपारी चारला ताकदीचा व्यायाम. हा मात्र माझा मीच करायचा. यासाठी बाजारातलं महागडं काही घरात नाही. वहिनीनं जुन्या सतरंजीच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरली, किराणा दुकानातून अर्धा अर्धा किलो मोजून आणली, टोकांना चिकटपट्टी लावली. ती मनगटाला बांधते आणि हात वर, बाजूला, मागे. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून मागे ओढते. ढकलण्यापेक्षा ओढण्याचे प्रकार जास्त करायचे, कारण चाकं ढकलून खांद्याची पुढची बाजू आधीच दमलेली असते. माझे खांदे हेच माझे पाय आहेत. ते दुखायला लागले की दोन दिवस विश्रांती, हट्ट नाही.

आणि माझी सायकल! अण्णानं कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून जुने पॅडल लोखंडी चौकटीवर बसवून घेतले. ती चौकट टेबलाला घट्ट आवळतो. माझे पंजे क्रेप बँडेजनं पॅडलला बांधायचे आणि हातांनी फिरवायचं. वर्तुळाचा अर्धा भाग सोपा जातो, उरलेला अर्धा खांद्यानं ढकलून न्यावा लागतो. पहिल्या दिवशी मी अकरा फेरे मारले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आता वीस मिनिटं चालवते.

वीस मिनिटंच का? मज्जारज्जूच्या इजेच्या माणसांसाठी 2017-18 मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत ताकद आणि दम टिकवण्यासाठी आठवड्यातून दोन वेळा किमान वीस मिनिटं दम लागेल असा व्यायाम सांगितला आहे. त्याच्या जोडीला जे स्नायू चालतात त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या. हृदयाचं आणि साखरेचं भलं व्हायचं तर दमाचा व्यायाम तीन वेळा, तीस तीस मिनिटं. मी पहिली पायरी गाठली आहे, दुसरीकडे बघते आहे. हे आकडे वाचले तेव्हा मला धीर आला. दिवसभर झिजायची गरज नाही, आठवड्यातले दोन तीन दिवस प्रामाणिकपणे घालवले तरी शरीर उत्तर देतं.

दम किती लागला हे ओळखायचं कसं? नाडीवर भरवसा ठेवता येत नाही. हृदयाला जोरात पळायला सांगणाऱ्या नसाही इजेच्या खालीच गेल्या, त्यामुळे कितीही कष्ट केले तरी माझे ठोके सव्वाशेच्या आसपास अडकतात. मी बोलून बघते. वहिनीशी वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे बरोबर चाललंय. शब्दही फुटेना झाला की थांबायचं.

माझा घाम मान आणि चेहऱ्यापुरताच. बाकी अंगाला घाम नाही, म्हणून अंग थंड होत नाही. एप्रिलमध्ये मी व्यायाम सकाळी सहाला करते, मानेवर ओलं फडकं आणि हातात पाण्याची फवारणी. थंडीत उलटं, पाय आपोआप झटके देतात, ताठतात. शिवाय एकदम उठून बसलं की रक्तदाब पडतो. पोटाला पट्टा बांधून, उशा लावत लावत वर यायचं. खुर्चीत बसल्यावर दर वीस मिनिटांनी पुढे झुकून, मग एकेका बाजूला कलून ढुंगणावरचा दाब कमी करायचा, रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. हाही व्यायामच समजा.

आणि एक धोका प्रत्येक घरात माहीत हवा. अचानक डोकं फुटेल असं दुखू लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम आणि अंगावर काटा आला, तर तो व्यायामाचा शीण समजू नका. रक्तदाब भडकलेला असतो. खाली कुठेतरी काही टोचतंय, तुंबलंय, आणि शरीर ते असं ओरडून सांगतं. आधी उठवून ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का बघा, मग पोट साफ आहे का, नखं, त्वचा. दोन चार मिनिटांत उतरलं नाही तर तडक दवाखाना. मला एकदा हे परकराच्या नाडीनं झालं होतं. तेव्हापासून माझ्या कपड्यांना नाडी नाही, मऊ इलॅस्टिक. दवाखान्यातही सांगावं लागतं की हिचा रोजचा दाब नव्वद शंभरच असतो, त्यामुळे एकशेचाळीस हा हिच्यासाठी फार आहे.

आता आपल्या घरातला नाजूक विषय, खाण्यापिण्याचा. आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही, आई तर पाणीही घेत नाही. मला लघवीची नळी आहे, पाणी कमी पडलं की संसर्ग होतो, ताप येतो, महिनाभराचा व्यायाम पाण्यात जातो. डॉक्टरांशी बोलून आम्ही वाटणी केली. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत तासातासाला गाळलेलं पाणी, खुर्चीला बांधलेल्या लांब नळीच्या बाटलीतून. लवकर जेवणाचा मला फायदाच झाला, रात्री पोट हलकं राहतं आणि श्वासपटलाला जागा मिळते. पण उन्हाळ्यात किंवा ताप असताना रात्रीही पाणी पिते. दशलक्षणात उपवास करावा की नाही याची मला फार टोचणी होती. चातुर्मासाला आलेल्या माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सोळा भावनांत शक्तितस्तप आहे ना? शक्तीप्रमाणे तप. तुझ्या शक्तीचा हिशेब तुझा देह मांडेल, शेजारीण नाही." त्या दिवसापासून हे दोन शब्द मी उपवासाला लावते तसेच व्यायामालाही लावते. शक्तीप्रमाणे म्हणजे कमीही नाही आणि दुसऱ्याचं बघून जास्तही नाही.

काही जणी अजून म्हणतात, "पूर्वीचं कर्म, भोगायचं." मी वाद घालत नाही. पण कर्माबरोबर आपल्याकडे पुरुषार्थही शिकवतात. एके काळी जगभर मणका मोडलेल्या माणसाला असंच नशिबावर सोडत. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची काळजी घ्या, उठवा, कामाला लावा, खेळवा, एवढंच त्यांनी हट्टानं धरून ठेवलं. 1948 साली सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आणि चारी हातपाय अधू असलेल्या माणसांनी कॅनडात स्वतःसाठी व्हीलचेअर रग्बी हा खेळ शोधला. 2000 पासून त्याला पॅरालिम्पिक पदक आहे, आणि बायका पुरुष एकाच संघात खेळतात. त्यांच्या खुर्च्या एकमेकींवर धाडधाड आदळताना बघून आई डोळे मिटून घेते, मी मात्र शेवटपर्यंत बघते.

मैत्रिणींनो, माझ्या बघण्यात एक गोष्ट आली आहे. घरातल्या पुरुषाचा मणका मोडला तर त्याच्यासाठी फिजिओ येतो, खुर्ची येते, दाराला उतार बांधला जातो, कारण त्याला पुन्हा दुकानात बसायचं असतं. बाईचा मोडला तर तिच्यासाठी मऊ गादी येते. तिचं काम वाटून घेतलं जातं आणि तिला कोपरा मिळतो. सगळे तिची सेवा करतात, पण तिला दम लागेल असं काही कुणी करू देत नाही. प्रेमानं दिलेल्या त्या गादीवर तिची फुप्फुसं, हाडं, कातडी हळूहळू हार मानतात.

तुमच्या नात्यात अशी कुणी असेल तर पुढच्या वेळी लाडू नेऊ नका. एक रबरी पट्टा न्या, अर्धा किलो वाळूची पिशवी शिवून न्या. डॉक्टरांना, फिजिओंना विचारून तिला काय झेपेल ते ठरवा आणि वीस मिनिटं तिच्याजवळ बसून मोजा. तिच्या आईला नाहीतर सुनेला त्या वेळात जरा पाठ टेकू द्या. आणि "काही फरक?" असं विचारू नका. "आज किती फेरे झाले?" असं विचारा. त्याचं उत्तर तिच्याकडे असतं.